दोन्ही टोकांची नावं



मी कवितेचा माणूस. शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. डेटा सेंटरमधल्या केबलींची मांडणी या विषयावर मी रेडिओवर बोलणार आहे हे कळल्यावर आमच्या घरातच पहिला प्रश्न आला, “त्यांनी बोलावलंय ते तुम्हालाच ना? सारख्या नावाचं दुसरं कुणी नाही ना?”

शंका रास्त आहे. पण या विषयावर बोलायला माझ्याकडे तीन आधार आहेत. माझे वडील टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होते. रस्त्याच्या कडेला खणलेल्या खड्ड्यात बसून तुटलेल्या केबलीच्या शेकडो तारा एकेक करून जोडणारा माणूस म्हणजे जॉइंटर. दुसरा आधार माझा भाचा. तो नवी मुंबईत एका डेटा सेंटरमध्ये केबलींचंच काम करतो. तिसरा आधार म्हणजे तरुणपणी माझ्या हातून झालेली एक चूक. ती मी शेवटी सांगणार आहे, कारण आधी सांगितली तर त्यात चूक काय होती हेच लक्षात येणार नाही.

आपण मोबाइलवरून गॅसचा सिलिंडर नोंदवतो, भाजीवाल्याला पैसे पाठवतो, नातवाचा फोटो गावी धाडतो. हे सगळं ‘क्लाउड’मध्ये असतं असं मुलं सांगतात. क्लाउड म्हणजे ढग. बरीच वर्षं माझी समजूत होती की हे प्रकरण खरंच कुठेतरी वर, उपग्रहांच्या आसपास असावं. ते जमिनीवर असतं. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठमोठ्या, जवळजवळ बिनखिडक्यांच्या इमारती दिसतात. त्यांतल्या काही म्हणजे हे ढग. समुद्राखालून येणाऱ्या आंतरराष्ट्रीय केबली मुंबईच्या किनाऱ्यावर वर येतात, हे त्या इमारती या भागात असण्याचं एक मोठं कारण.

मागे भाच्याने मला एक दालन दाखवलं. ते अजून ग्राहकांच्या ताब्यात गेलेलं नव्हतं, म्हणून परवानगी मिळाली. मोबाइल बाहेर ठेवायचा, नाव लिहायचं, गळ्यात पास अडकवायचा. आत लोखंडी कपाटांच्या रांगा. त्यांना रॅक म्हणतात. आत बसणाऱ्या यंत्रांची रुंदी ठरलेली, १९ इंच. उंचीचे बहुधा ४२ खण, प्रत्येक खण पावणेदोन इंचांचा. आता एक सोपा हिशेब करू. एका रॅकमध्ये ३० यंत्रं आहेत असं धरा. प्रत्येकाला नेटवर्कच्या दोन वायरी, देखरेखीची एक, विजेच्या दोन. म्हणजे पाच. एका रॅकच्या पाठीमागे दीडशे वायरी झाल्या. असे दोनशे रॅक असतील, तर एका दालनात तीस हजार. प्रत्येक वायरीला दोन टोकं असतात, हेही लक्षात ठेवा.

मी म्हटलं, “इतक्या वायरी टाकायच्या म्हणजे कठीण काम रे.”

भाचा म्हणाला, “मामू, टाकायला काय, कुणीही टाकेल. सहा महिन्यांनी नेमकी हवी ती सापडली पाहिजे. काम ते आहे.”

ती सापडावी म्हणून पहिली युक्ती अशी. एक यंत्र दुसऱ्या यंत्राला थेट जोडायचं नाही. दोन्हीकडे पॅच पॅनल नावाची भोकांची पट्टी बसवायची. या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत डोक्यावरच्या ट्रेमधून केबल एकदाच ओढायची आणि पुन्हा तिला हात लावायचा नाही. पट्टीपासून यंत्रापर्यंत मात्र हातभर लांबीची सुटी वायर, पॅच कॉर्ड. बदल करायचा तो फक्त या सुट्या वायरीत. तांब्याच्या केबलीला एकूण १०० मीटरची मर्यादा असते. त्यातले ९० मीटर कायमच्या केबलीला आणि १० मीटर सुट्या वायरींना, अशी वाटणी ठरलेली आहे. त्यापुढे जायचं असेल तर काचेची केबल, म्हणजे फायबर.

हे ऐकताना मला अब्बांच्या एक्स्चेंजमधली लोखंडी चौकट आठवली. एका बाजूला गावातून आलेल्या केबली, दुसऱ्या बाजूला एक्स्चेंजचे नंबर, आणि मधे दोघांना जोडणारी बारीक सुटी तार. तिला जंपर म्हणत. कुणाचा फोन एका घरातून दुसऱ्या घरात न्यायचा असेल तर फक्त जंपर हलवायचा. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं १८८२ साली. डेटा सेंटरची कल्पना नवी असेल, पण कायमचं कायम ठेवून मधलं तेवढं हलतं ठेवायची ही रीत टेलिफोनवाल्यांची आहे.

आणखी एक गोष्ट टेलिफोनवाल्यांचीच. भाच्याने एका केबलीचं टोक सोलून दाखवलं. आत तारांच्या चार जोड्या. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी. मी पुढे म्हटलं, “आणि राखाडी.” तो चमकला. “मामू, तुम्हाला कसं माहीत? हिच्यात राखाडी नसते, पण पंचवीस जोड्यांच्या केबलीत असते.”

मला कसं माहीत? शाळेतली पहिली कविता पाठ होण्याआधी मला हे पाठ होतं. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. आणि त्यांचे जोडीदार पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा. पाच गुणिले पाच, पंचवीस जोड्या. अब्बा खड्ड्यात बसून हे पुटपुटत असत आणि मी वर कंदील धरून उभा असे. त्या पंचवीस जोड्यांतल्या पहिल्या चार जोड्या आज जगभरच्या नेटवर्कच्या केबलीत आहेत, त्याच क्रमाने.

या जोड्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. ही कल्पना अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलची. तिचं पेटंट त्याने १८८१ मध्ये घेतलं. पूर्वी फोनवर बोलताना दुसऱ्याचंच बोलणं कानावर यायचं, ते आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. शेजारच्या तारेतला आवाज आपल्या तारेत झिरपायचा. तारा पिळल्या की बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांना सारखाच लागतो आणि पलीकडच्या टोकाला तो वजा करता येतो. म्हणून टोक बसवताना हा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही, असा नियम आहे. अर्धा इंच फक्त.

इथे भाच्याने मला एक मजेची गोष्ट सांगितली. मजेची आणि भीतीचीही. टोकाच्या प्लगमध्ये आठ तारा ठरावीक क्रमाने बसतात. त्या क्रमात हिरव्या जोडीच्या दोन तारा शेजारी नसतात, त्यांच्या मधे निळी जोडी बसते. नवशिक्याला हे विचित्र वाटतं. तो नीटनेटकेपणाने सगळ्या जोड्या ओळीने शेजारी लावतो, दोन्ही टोकांना तशाच. साधं तपासणीयंत्र लावलं की आठही दिवे ओळीने लागतात. म्हणजे वायर पास. पण ज्या दोन तारांनी मिळून काम करायचं त्या आता वेगवेगळ्या पिळांत गेल्या. वायर चालते, पण अडखळत चालते, आणि दोष यंत्राला लागतो. “साध्या टेस्टरवर हिरवा दिवा लागला म्हणून खूश व्हायचं नाही,” भाचा म्हणाला. “टेस्टर फक्त सांगतो की वायर कुठेतरी जोडलेली आहे.”

मग बांधणी. अब्बांच्या काळी एक्स्चेंजमधल्या केबली मेण लावलेल्या दोऱ्याने बांधत. पुढे प्लॅस्टिकचे टाय आले. खेचला की घट्ट, पुन्हा सुटणार नाही. पण जोर लावून खेचला तर आतला पीळ चेपतो, आणि कापलेल्या टोकाने पुढच्या माणसाचा हात फाटतो. त्यामुळे डेटा सेंटरमध्ये आता वेल्क्रोची पट्टी वापरतात, तीही बोटं आत शिरतील इतकी सैल. ही वेल्क्रो सुचली जॉर्ज दे मेस्त्राल या स्विस गृहस्थाला. १९४१ मध्ये तो कुत्र्याला घेऊन रानात गेला आणि दोघांच्या अंगाला काटेरी बोंडं चिकटली, त्यावरून. केबल वळवायची तीही तिच्या जाडीच्या चौपट त्रिज्येने, मोडल्यासारखी काटकोनात नाही. फायबरला तर आणखी जपायचं. त्याच्या एका प्रकारात उजेडाची वाट असते फक्त ९ मायक्रॉनची. आपला केस याच्या कितीतरी पट जाड. धुळीचा एक कण ती वाट बंद करू शकतो. म्हणून प्रत्येक वेळी टोक तपासायचं, पुसायचं, मगच लावायचं.

हे सगळं दिसायला सुंदर दिसतं. रंगीत वायरींचे पट्टे, वळणावर सगळ्या एकसारख्या वळलेल्या. मी तसं म्हटलं तर भाचा हसला. सुंदर दिसण्यासाठी ते केलेलं नसतं. यंत्रं पुढून गार हवा घेतात आणि मागून गरम हवा सोडतात. मागे वायरींचा गुंता असला की गरम हवेला वाट मिळत नाही, यंत्र तापतं. जुन्या जागांत जमिनीखालच्या पोकळीतून गार हवा सोडतात आणि त्याच पोकळीत वर्षानुवर्षं केबली टाकल्या जातात. नवी केबल येते, जुनी निघत नाही. का निघत नाही? कारण ती कुणाची, हे कुणालाच ठाऊक नसतं. “असू दे, चालू असली तर?” असं म्हणून प्रत्येक जण सोडून देतो. अमेरिकेत आगीच्या भीतीने २००२ च्या विद्युत नियमावलीत हात पोचेल तिथल्या वापरात नसलेल्या केबली काढून टाकण्याचा नियमच घालावा लागला.

ती कुणाची हे सांगतं लेबल. आणि मला आज जे सांगायचं आहे ते या लेबलाबद्दलच.

दालनाच्या फरशीवर बुद्धिबळाच्या पटासारखी चौकटींची कल्पना करतात. एका दिशेने अक्षरं, दुसऱ्या दिशेने आकडे. त्यावरून रॅकचं नाव ठरतं. मग रॅकमधला खण, मग पट्टीवरचं भोक. केबलीच्या या टोकाच्या लेबलावर इथला पत्ता आणि तिथलाही पत्ता. त्या टोकाच्या लेबलावर तिथला आणि इथला. बस. अमुक ठिकाणाहून निघाली, तमुक ठिकाणी पोचली. वाचणाऱ्याला दालनाची दुसरी बाजू न बघता कळलं पाहिजे की हातातली वायर ओढली तर कुठे अंधार होईल.

हे नसलं तर काय होतं, त्याचं जगजाहीर उदाहरण देतो. क्लाउडफ्लेअर ही अमेरिकन कंपनी जगभरच्या असंख्य संकेतस्थळांना वेग आणि संरक्षण पुरवते. १५ एप्रिल २०२० ची गोष्ट. जगभर टाळेबंदी होती. कंपनीच्या एका मुख्य डेटा सेंटरमधल्या एका कपाटात जुनी, वापरात नसलेली यंत्रं होती. ती काढून टाकायला तंत्रज्ञांना सांगितलं होतं. त्याच कपाटात एक पॅच पॅनल होतं, आणि बाहेरच्या जगाशी असलेल्या त्या केंद्राच्या सगळ्या जोडण्या त्या एका पॅनलमधून जात होत्या. तंत्रज्ञाने सांगितल्याप्रमाणे कपाट मोकळं केलं. पॅनलच्या वायरीही काढल्या. तीन मिनिटांत. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे नऊ वाजून एक मिनिट झालं होतं. ग्राहकांची संकेतस्थळं चालू राहिली, पण ती सांभाळायचे फलक आणि यंत्रणा बंद पडल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या चार तास एकवीस मिनिटांनी.

या कंपनीचं मला कौतुक वाटलं ते पुढच्या गोष्टीसाठी. तिने हा प्रकार स्वतःच जाहीर लिहून सांगितला आणि वायर काढणाऱ्यावर खापर फोडलं नाही. आपल्या तीन उणिवा सांगितल्या. सगळ्या वाटा एकाच पॅनलमधून नेल्या, ही पहिली. वायरी निघाल्यावर कुठली कुठे लावायची हे ओळखण्यात मोलाचा वेळ गेला, तेव्हा केबली आणि पॅनल यांच्यावर चटकन ओळखता येतील अशी लेबलं हवीत, ही दुसरी. आणि कशाला हात लावू नये हे सूचनेत स्पष्ट सांगायला हवं होतं, ही तिसरी. तीन मिनिटांत निघालेल्या वायरी लावायला चार तास का लागतात, याचं बरंचसं उत्तर त्या दुसऱ्या मुद्द्यात आहे.

आता माझी चूक.

साल १९९०. बी. ए.ची परीक्षा देऊन मी घरी बसलो होतो. कोकणातलं आमचं तालुक्याचं गाव. रस्त्याच्या खोदकामात एक केबल तुटली आणि मला रोजंदारीवर अब्बांच्या हाताखाली घेतलं. अब्बा खड्ड्यात, मी वर रजिस्टर घेऊन. काही जोड्या पार निकामी झाल्या होत्या, म्हणून ते फोन मोकळ्या जोड्यांवर घ्यायचे होते. अब्बा खालून नंबर सांगत, मी वर लिहीत असे. दोन रात्री जागून काम संपलं. माझ्या रजिस्टरवरून एक्स्चेंजमधल्या माणसाने जंपर हलवले. सगळ्या घरांत फोन उचलून बघितले. सगळीकडे डायल टोन होता. साहेबांनी शाबासकी दिली.

त्या रजिस्टरात मी लागोपाठच्या दोन नोंदी उलटसुलट लिहिल्या होत्या. एक नंबर होता आमच्याच मोहल्ल्यातल्या एका खालांचा. त्यांचा एकुलता एक मुलगा आखातात होता आणि दर शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजनंतर, आईला फोन करायचा. दुसरा नंबर एका बंद घराचा. मालक मुंबईला, घर उघडायचं ते गणपतीला. आता मुलाने फोन लावला की घंटा त्या बंद घरात वाजत होती. खाला आपल्या घरी फोनजवळ बसून होत्या. अधूनमधून उचलून बघत, तर टोन व्यवस्थित. म्हणजे फोन चालू आहे. तक्रार कसली करणार?

असे चार शुक्रवार गेले. मग तार आली. त्या काळी तार म्हणजे वाईटच बातमी. खालांना वाचता येत नव्हतं आणि तार इंग्रजीत. मोहल्ल्यात शिकलेला मुलगा म्हणून त्या ती घेऊन माझ्याकडेच आल्या. हात थरथरत होता. मी वाचली. आई, फोन का उचलत नाहीस, बरी आहेस ना, एवढंच त्यात होतं. ऐकून त्या मटकन ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “पोरा, मला वाटलं, तो मला विसरला.”

अब्बा तिथेच होते. काही न बोलता उठले, एक्स्चेंजवर गेले. परत आले तेव्हा त्यांनी रजिस्टरातलं माझं अक्षर पाहिलेलं होतं. ते ओरडले नाहीत. मला घेऊन खालांकडे गेले आणि चूक कुणाची हे माझ्याच तोंडून वदवलं. वाटेत इतकंच म्हणाले, “तार तुटली तर लोक ओरडतात. चुकीची जोडली तर ओरडत नाहीत. वाट बघत बसतात.”

अब्बा आता नाहीत. मी पुढे टेलिफोनच्या वाटेला गेलो नाही. पण काही महिन्यांपूर्वी भाच्याने एक गोष्ट सांगितली तेव्हा तो ओटा पुन्हा डोळ्यांपुढे आला. तपासणी करताना त्याला एका ग्राहकाच्या दोन केबलींची लेबलं अदलाबदल झालेली सापडली. मोठ्या ग्राहकाला दोन वाटा देतात, एक बंद पडली तर दुसरीने काम चालावं म्हणून. दोन्ही वाटा चालू होत्या. तक्रार नव्हती. पण उद्या पहिली वाट बिघडली आणि कुणी तिचं लेबल वाचून वायर काढली, तर प्रत्यक्षात दुसरी, धडधाकट वाटच निघाली असती. मग दोन्हीकडे अंधार. त्याच्या वरिष्ठाने सांगितलं, “चालू आहे ना? मग नसता उद्योग कशाला?” त्यांचंही खोटं नव्हतं. चालू वायरीला हात लावून काही बिघडलं असतं तर नोकरी भाच्याची गेली असती.

त्याने हात लावला नाही. पण सोडूनही दिलं नाही. लेखी नोंद केली, परवानगी मागितली, दोनदा आठवण केली. आठ दिवसांनी रविवारी पहाटे अडीचची वेळ मिळाली. एकेका वाटेवरचा भार दुसरीवर घेऊन, दोन्ही टोकांपर्यंत केबल हाताने माग काढून, त्याने लेबलं बदलली आणि संगणकातली नोंदही. मी त्याला विचारलं, “रजिस्टर एक सांगतंय आणि लेबल दुसरं, तर खरं कुणाला मानायचं?” म्हणाला, “दोघांनाही नाही, मामू. केबल जिथे जाते ते खरं. चालत जाऊन बघायचं.”

त्या दिवशी फजरच्या सुमाराला त्याचा फोन आला होता. “मामू, केलं एकदाचं,” एवढंच बोलला. त्या ग्राहकाला यातलं काही कळलं नाही. कळायचं कारणही नाही.

श्रोतेहो, आपल्यातले थोडेच डेटा सेंटरमध्ये जातील. पण घरातल्या टीव्हीमागे, राउटरपाशी, दुकानातल्या गल्ल्याखाली प्रत्येकाचा एक लहानसा गुंता असतोच. एखाद्या सुटीच्या दिवशी तो सोडवा. निरुपयोगी वायर काढून टाका. कागदाचा तुकडा चिकटवून प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नाव लिहा. आणि लिहिण्यापूर्वी ती खरंच कुठे जाते ते एकदा हाताने माग काढून बघा. मी आमच्या घरी हे केलं. सात वायरी निघाल्या. त्यांतल्या दोन कुठेच जात नव्हत्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)